पाटीआधी परात

थोरलीचं नाव शाळेतून काढलंत, हे ताईकडून कळलं. मग तुझा फोन आला तो सगळा पुस्तकांबद्दल. अभ्यासक्रम कुठला धरू, इंग्रजी कधी सुरू करू, गणिताला वर्कबुक कुठलं आणू. त्याचं उत्तर थोडक्यात देते: बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तिसरी-चौथीची घे, वर्षभर पुरतील. तू जे विचारलंच नाहीस, त्याबद्दल लिहायला बसले आहे. सकाळचे पोहे झाल्यावर कढई कोण घासणार?

हसू नकोस गं. माझी दोघं घरी शिकली आणि तेव्हापासून घरी शिकवणारी कितीतरी घरं मी जवळून बघत आले. ज्यांनी वर्ष-दोन वर्षांत मुलं परत शाळेत घातली, त्यांच्यातल्या फार थोड्यांचं घोडं अभ्यासावर अडलं होतं. बाकीच्या घरांत आई दमली होती. मुलं तिन्ही त्रिकाळ घरात, ओटा कधी रिकामा नाही, जेवणं आटोपतायत तोवर कुणाला तरी पुन्हा भूक. अशा दमलेल्या बाईला सातचा पाढा चुकलेला सहन होत नाही. मग ती पाढ्यावरून ओरडते आणि सगळ्यांना वाटतं, घरी शिकवणं जमत नाही. म्हणून आधी घर मार्गी लाव. अभ्यास मागून येईल.

पहिले दोन-तीन महिने शिकवायला बसूच नकोस. थोरलीच्या अंगातून शाळेची घंटा उतरायला वेळ लागेल. ती लोळेल, "कंटाळा आला" म्हणेल, तेच तेच पुस्तक चौथ्यांदा वाचेल. वाचू दे. मात्र उठायची, आंघोळीची आणि जेवायची वेळ पहिल्या दिवसापासून पक्की ठेव. शाळा नाही म्हणून नऊला उठायची सवय लागली की ती मोडताना घरात रोज रडारड होते. आंघोळ न करता दुपारपर्यंत गाऊनवर फिरायचं नाही, हा नियम मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू पडतो, हे जाता जाता.

आता खाण्याचं. शाळेत मुलं दोन सुट्ट्यांत खातात, घरी दिवसभर. हा प्रश्न एवढा मोठा आहे हे सुरू केल्याशिवाय कळत नाही. उपाय सोपा आहे: शाळेत जात असल्यासारखे सकाळी दोघांचे डबे भर. एका कप्प्यात फळ, एकात पोळीचा लाडू नाहीतर थालीपीठ, मूठभर शेंगदाणे-गूळ. डबे टेबलावर ठेव. जेवणापर्यंत भूक लागली तर डब्यातलं खायचं, आईला विचारायचं नाही. धाकटा पहिल्या दिवशी नऊलाच डबा संपवून बसेल. जेवण साडेबाराला आहे एवढंच सांग आणि दुसरं काही देऊ नकोस. आठवड्याभरात तो आपोआप पुरवून खायला लागतो. कणीक सकाळीच दोन्ही वेळची मळ. कुकर लावशील तेव्हा वरच्या भांड्यात उद्याच्या भाजीचे बटाटे टाक. कडधान्य रोज रात्री भिजत पडलंच पाहिजे, आणि ते काम थोरलीचं. मटकीला किती तासांनी मोड येतात आणि थंडीत जास्त वेळ का लागतो, हे ती स्वतः शोधेल. तू शिकवायला जाऊ नकोस.

कामं वाटून दे, पण खरी कामं दे. "आईला मदत" हा शब्दच घरातून काढून टाक. मदत म्हटलं की काम आईचं राहतं आणि मुलं उपकार करतात. अंथरुणं काढणं, पाणी भरणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, जेवणाची पानं घेणं ही थोरलीची. चपला लावणं, मोज्यांच्या जोड्या जुळवणं, कोथिंबीर निवडणं धाकट्याचं. चार वर्षांचं पोर कोथिंबीर निवडायला अर्धा तास घेतं आणि निम्मी काड्यांसकट ठेवतं. त्याच काड्यांसकट फोडणीत टाक. पुन्हा निवडून घेतलेली त्यानं बघितली तर उद्या तो निवडणार नाही. सुरी आठव्या वर्षी हातात द्यायला हरकत नाही, आधी काकडी, मग उकडलेला बटाटा. विळीला मात्र हात लावू द्यायचा नाही, तिचं पातं मुलाच्या दिशेनं असतं. गॅसजवळ यायची परवानगी वयावर नाही, उंचीवर ठरव: स्टुलाशिवाय कढईचा तळ दिसायला हवा. कामवाल्या बाईंना आधीच सांगून ठेव की मुलांची कामं त्यांनी करायची नाहीत. नाहीतर त्या मायेपोटी करून टाकतात.

हे सगळं आम्ही शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मुलांना आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि गोष्टी असा क्रम होता. पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला त्यांनी कुरणशाळा चालवली, गुरं चारणाऱ्या मुलांना कुरणातच जाऊन शिकवलं. मुलाचं काम थांबवून त्याला शाळेत ओढण्यापेक्षा शाळाच त्याच्या कामापाशी नेली. तुझ्या घरात कुरण नाही, पण ओटा आहे, लाइट बिल आहे आणि भिंतीवर कालनिर्णय आहे.

कालनिर्णयाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यावर दुधाचा हिशेब आणि बाईंचे खाडे लिहिण्यापलीकडे आपण काही करत नाही. दुधाचा हिशेब आता थोरलीकडे दे. महिनाअखेरी दूधवाल्याशी तिनं बोलायचं, तू मागं उभी राहा. संकष्टीला तुझ्या सासूबाई चंद्रोदयाची वेळ बघतात ना, ती गावागावांची वेगळी छापलेली असते. थोरलीला विचार, मुंबईपेक्षा नागपूरला चंद्र आधी का दिसतो? नागपूर मुंबईहून साधारण 6 अंश पूर्वेला आहे आणि पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते, म्हणून तिथं चंद्र जवळपास 25 मिनिटं आधी उगवतो. हे लगेच सांगून मात्र टाकू नकोस. नागपूरच्या काकूला फोन करू दे, काकूनं चंद्र बघितला का विचारू दे, मग गच्चीवर जाऊन आपला कधी येतो ते बघू दे. दुसऱ्या दिवशी तोच चंद्र आणखी पन्नासेक मिनिटं उशिरा का आला, हा प्रश्न ती स्वतःच घेऊन येईल. आजीचा उपास सुटायला उशीर होत असला की मुलांना या विषयात फारच रस येतो.

लाइट बिलाचंही तसंच. 1000 वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, एवढंच सांग. मग घरभर फिरून प्रत्येक वस्तूवरचे वॉट लिहून काढायला लाव. 2000 वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. 75 वॉटच्या पंख्याला तेवढंच खायला तेरा तासांहून जास्त लागतात, आणि 9 वॉटचा दिवा 111 तास जळतो. हे गणित एकदा स्वतः करून बघितलं की गीझर बंद करायला कोणाला सांगावं लागत नाही. उलट पोरं जावईबापूंच्या आंघोळीला घड्याळ लावून बसतील. मीटरचं रीडिंग रोज एकाच वेळी कालनिर्णयावर लिहायचं. बिल आलं की ताडून बघायचं. 100 युनिटांच्या पुढे दर का वाढतो, यावर आमच्याकडे जी वादावादी व्हायची ती नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यात सापडली नसती.

सिलिंडर आला की त्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात 14.2 किलो मिळव आणि आणणाऱ्याकडच्या काट्यावर पडताळून घे. मागितलं तर वजन करून दाखवणं त्याचं कामच आहे. वर अक्षर आणि आकडा असतो, तो टाकीच्या पुढच्या तपासणीचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे तसंच सी आणि डी. बी-28 असेल तर ती टाकी जून 2028 पर्यंत चालेल. तारीख उलटलेली टाकी ठेवून घ्यायची नाही. हे काम आठ वर्षांची मुलगी चोख करते आणि तिच्या वडिलांना आजवर माहीत नसतं.

भाजी आणायला दोघांना घेऊन जा, पण गर्दीच्या वेळी नको. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ होत्या. गवार 80 रुपये किलो असली तर पाऊण किलोचे 60, हे तिच्या तोंडून भाजीवाल्याच्या आधी निघायचं. पावकी, निमकी आणि दिडकी तेवढ्या पाठ करून घे, रोज लागतात. औटकी राहू दे, साडेतीन किलो आपण काही घेत नाही.

दुपारी दोन ते चार घर बंद. म्हणजे दार बंद नाही, तोंडं बंद. जेवण झाल्यावर प्रत्येकानं आपापल्या जागी जायचं, झोपा, वाचा, चित्रं काढा, छताकडे बघा. रक्त आलं असेल तरच आईला हाक मारायची. माझ्या सगळ्या सांगण्यातलं एवढं एकच ठेवायचं असेल तर हे ठेव. सकाळपासून दोन मुलांचे प्रश्न ऐकलेल्या माणसाला गप्प बसायला मिळालं नाही तर संध्याकाळी सहानंतर त्याच्या तोंडून बरं काही निघत नाही. भावंडांची निम्मी भांडणंही याच दोन तासांत विरतात, कारण ती भांडणाची नसतातच, एकमेकांची तोंडं सतत बघितल्याची असतात. मोबाइल या वेळात नाही. मोबाइलबद्दल आणखी उपदेश करत नाही, तुम्ही दोघं जेवताना तो लांब ठेवलात तर निम्मं काम होईल.

जावईबापूंना दोन गोष्टी माझ्या नावानं सांग. संध्याकाळी दारातून आत आल्या आल्या "आज काय शिकलात?" हे विचारायचं नाही. प्रश्न मुलांना असतो, पण परीक्षा तुझी होते. आणि दुसरं, एखादा विषय पूर्ण त्यांचा असू दे. "मी रविवारी घेईन थोडं गणित" असं नव्हे. पुस्तक कुठलं, कुठपर्यंत आलं, अडलं कुठं, ही सगळी काळजी त्यांची. तो विषय मागे पडला तर पडू दे, तू मध्ये पडून सावरायचं नाही. हे कठीण आहे, पण सावरलंस की तो विषय कायमचा तुझा झाला.

सासूबाई नाराज आहेत म्हणालीस. वाद घालून त्या पटायच्या नाहीत. त्यांचं काय गेलंय ते बघ. गणवेशातला फोटो गेला, गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसणं गेलं, भिशीत सांगायचा पहिला-दुसरा नंबर गेला. आजीला यातलं काहीतरी परत द्यायला हवं. थोरली गाणं शिकते ना, तिला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसव. शाळेची गरज नाही, परीक्षा असते, प्रमाणपत्र मिळतं, आजीला भिंतीवर लावता येतं. शिवाय आठवड्यातल्या दोन दुपारी आजीच्या नावावर ठेव: पत्ते, भरतकाम, लोणच्याची कैरी, त्यांना जे येतं ते. मग नातेवाइकांना उत्तरं द्यायचं काम त्याच हाती घेतील, आणि तुझ्यापेक्षा जास्त तोऱ्यात देतील.

बाकी पाहुण्यारावळ्यांचं काय? लग्नाच्या पंगतीत कुणीतरी थोरलीला सतराचा पाढा विचारणारच. शाळेत जाणाऱ्या चुलतभावाला विचारणार नाहीत, हिलाच विचारतील. पाढा येत असेल तर म्हणू दे, नसेल तर "अजून पाठ नाही झाला" म्हणून जिलबी खायला जाऊ दे. तू मध्ये बोलू नकोस. शाळेच्या वेळात दुकानात "आज सुट्टी का गं?" असं विचारलं की "मी घरी शिकते" एवढंच उत्तर मुलांना शिकवून ठेव. चळवळीचं भाषण तिथं नको.

मुलांना मुलं लागतात, आणि सोसायटीतली मुलं साडेपाचला खाली येतात, तीही क्लास नसला तर. म्हणून घरी शिकणाऱ्या तीन-चार घरांनी मिळून आठवड्यातला एक वार, एक बाग आणि एक वेळ धरा. दोन सरी पडल्या म्हणून रद्द करायचं नाही, एकदा रद्द झालं की ते मोडतं. त्याशिवाय मल्लखांब किंवा खो-खोचं मैदान रोज. तिथं सहा वर्षांचं आणि सोळा वर्षांचं एकत्र खेळतं, शाळेत हे मिळत नाही. आंतरशालेय स्पर्धांना शाळेचं बोनाफाइड मागतात, तिथं आपलं मूल अडतं. क्लबच्या आणि संघटनांच्या स्पर्धांची चौकशी आधीच करून ठेव.

आता कागद. हा कंटाळवाणा भाग आहे म्हणून सगळे पुढं ढकलतात. एक जाड फाइल आण. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि थोरलीचा शाळा सोडल्याचा दाखला. तो शाळेकडून घेतलास ना? नसेल तर या आठवड्यात घे. पुढे जातीचा दाखला काढायचा, अधिवासाचा काढायचा, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, सगळीकडे तो मागतात. कायद्याचं म्हणशील तर 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो. घरी शिकवणाऱ्यांना शिक्षा मात्र त्यात कुठे सांगितलेली नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही आणि आपल्याला कुणी लेखी परवानगी दिली आहे अशा भ्रमातही राहायचं नाही. मुलांनी काय वाचलं, काय बनवलं, त्याची तारीखवार वही ठेव. आठवड्याला अर्धं पान पुरे.

आता परीक्षांचं. माझ्या मुलांच्या वेळी नॅशनल ओपन स्कूल होतं, 2002 पासून त्याला एनआयओएस म्हणतात. तिथं तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत, ते दिले नाहीत तरी चालतं. दहावीच्या परीक्षेला वय 14 पूर्ण लागतं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा, मराठी माध्यम मिळतं. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि नऊ संधी असतात, म्हणजे दोन विषय आत्ता, दोन पुढच्या खेपेला असं करता येतं. विषयांत चित्रकला आहे, गृहविज्ञान आहे. थोरलीला पुढे सायन्सला जायचं असेल तर मात्र गणित-विज्ञान सोडू देऊ नकोस, अकरावीच्या दारात ते विचारतात. 2016 साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या कागदाशिवाय अमेरिकेत एमआयटीला गेली, हे तुला पुष्कळजण कौतुकानं ऐकवतील. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडची तीन पदकं होती आणि बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं, हे त्या गोष्टीत सहसा येत नाही. परीक्षा देऊन ठेवलेली बरी.

आणि तुझं स्वतःचं. आठवड्यातली एक संध्याकाळ तू घरात नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक असू दे. भिशी, पोहणं, वाचनालय, काहीही. त्या संध्याकाळी भाजी जळली तरी फोन यायला नको.

शेवटी एक. उद्या थोरलीच म्हणाली की मला शाळेत जायचंय, तर तोंड पाडू नकोस. तिला मैत्रिणी हव्या असतील, डबा वाटून खायचा असेल, तेही ठीकच. त्याच शिक्षण हक्क कायद्यात मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यावं असं आहे, पाचवीच्या पुढे शाळा चाचणी घेऊ शकते एवढं गृहीत धर. जूनची वाट बघू नको, मार्च-एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेट आणि ती तारीखवार वही बरोबर ने. प्रवेश झाला की जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मगाव जन्मदाखल्याबरहुकूम लिहिलंय का, ते काऊंटरवर उभी राहून स्वतः वाच. नंतर एक वेलांटी बदलायची म्हटलं तरी गॅझेटपर्यंत जावं लागतं.